कबऱ्याचा खांदा

इंजिन खड्ड्यातून वर यायला तीन दिवस लागले, आणि ते तिन्ही दिवस मी घरून आणलेल्या खुर्चीवर, डोक्यावर छत्री धरून, पहिल्या रांगेत बसून काढले. एवढा मोठा खेळ आमच्या गावात पुन्हा लागणार नव्हता. क्रेन दोन होत्या. एक पिवळी, थोरली, वरमाईसारखी तोऱ्यात उभी. दुसरी धाकटी, तिची सरबराई करणारी. पहिल्या दिवशी शेंगदाणेवाला आला, दुसऱ्या दिवशी कुल्फीवाला. जळगाव जामोदच्या एसटीतून उतरलेली माणसं घरी जायच्या आधी इकडे वळायची, बाजाराच्या पिशव्या पायांत धरून उभी राहायची आणि क्रेनवाल्याला सल्ले द्यायची. क्रेनवाला परमुलखातला. त्याला एक अक्षर कळत नव्हतं, म्हणून काम नीट चाललं होतं.

खड्डा म्हणजे एकेकाळची चक्री. इंजिनाचं तोंड फिरवायचं असलं की ते या गोल खड्ड्यावरच्या लोखंडी पुलावर उभं करायचं आणि चार माणसांनी दांड्याला छाती लावून तो पूल फिरवायचा. याच खड्ड्यात ते इंजिन पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नाकावर पडलं. मी तेव्हा नऊ वर्षांची होते. मग त्याला कोणी काढलं नाही. पाणी साचलं, गाळ साचला, काठानं बाभळी वाढल्या. लोणारला आकाशातून दगड पडला आणि सरोवर झालं. आमच्याकडे इंजिन पडलं आणि डबकं झालं. ज्याची त्याची ऐपत.

आता या जुन्या दगडी इमारतींना बरे दिवस आले आहेत. इंजिनाची शेड, पाण्याची टाकी, दिवाबत्तीची खोली, कमानीच्या खिडक्यांचं इवलंसं ऑफिस, सगळ्यांच्या भिंतींतले पिंपळ उपटून फटींत चुना भरला गेला. इंजिन धुऊनपुसून शेडपुढे उभं राहणार, शेजारी माहितीचा फलक लागणार. हे सगळं पाहणारा अधिकारी तरुण, चष्मेवाला, भला माणूस. सगळे त्याला सर म्हणतात. मी जन्मभर शाळेत मराठी शिकवलं, म्हणून फलकाचा मजकूर त्यानं पहिल्याच दिवशी माझ्या हातात ठेवला.

"मॅडम, एवढं नजरेखालून घाला. परवा संध्याकाळी रंगवायला जाईल."

मजकूर बरा होता. शेवटून दुसरं वाक्य असं होतं : 'चालक गुलाब याने मद्यप्राशन केलेले असल्याने इंजिन चक्रीच्या खड्ड्यात कोसळले.' जुन्या रजिस्टरात तसंच लिहिलंय, सर म्हणाला.

ते वाक्य खोटं आहे हे सबंध जगात एकाच माणसाला माहीत होतं, आणि ते माणूस छत्री धरून पहिल्या रांगेत बसलं होतं.

पलीकडच्या काठावर गुलाबमामांची मुलगी शेवंता बसलेली असायची. माझ्याच वयाची. आता आठवडी बाजारात भाजी विकते. तिन्ही दिवस ती सकाळी यायची, मेथीच्या जुड्या बांधत बसायची आणि इंजिनाकडे बघायची. आमच्यामध्ये चाळीसेक फुटांचा खड्डा होता. मी एकदा हात हलवला. तिनं जुडी बांधली.

आमच्या जिनिंग-प्रेसची स्वतःची लाईन होती, हे आता कोणाला सांगितलं तर ते माझ्याकडे बघून हसतात. प्रेसपासून मोठ्या स्टेशनापर्यंत दीड मैल. त्या दीड मैलावर धावायला एकच इंजिन, आणि त्याचं नाव कबऱ्या. मूळचा हिरवा रंग, खालून डोकावणारा काळा, मधूनमधून गंजाचे तांबडे ठिपके. असा बैल कोणाच्याही गोठ्यात असता तर त्याचंही नाव हेच पडलं असतं. कापसाच्या गाठी भरलेले चार डबे घेऊन तो सकाळी निघायचा आणि रिकामे डबे घेऊन दुपारी परत यायचा. दीड मैलाचा प्रवास, पण शिट्टी अशी द्यायचा की वाटावं, थेट कलकत्त्याला निघालाय.

शेडच्या मागे आमच्या खोल्या होत्या. एकीला एक चिकटलेल्या, सात. माझे वडील दिवाबत्तीवाले. दिवाबत्तीच्या खोलीचा वास अजून माझ्या नाकात एका कोपऱ्यात भाडं न देता राहतो : रॉकेल, जळकी वात, काच पुसायची राख, आणि भिंतीतून येणारा सरकीचा गोडूस, ओशट वास. तिथे लाल आणि हिरव्या काचा कपाटात रांगेनं असायच्या. मी आणि शेवंता त्या डोळ्यांना लावून अंगणात फिरायचो. हिरव्या काचेतून प्रेसचा मॅनेजर बुडालेल्या माणसासारखा दिसायचा. लाल काचेतून सातपुडा पेटलेला दिसायचा. हंगामात हवेत कापसाचा भुरका असा तरंगायचा की वरणावर बसायचा, भुवयांवर बसायचा, आणि संध्याकाळी सगळी वसाहत म्हातारी होऊन घरी यायची.

गुलाबमामा इंजिनाचे चालक. उंच, काटकुळे, खांद्यावर पंचा. चढायच्या आधी ते इंजिनाच्या पोटावर दोनदा थाप मारायचे आणि म्हणायचे, "चाल बे कबऱ्या, उन्हं चढून राह्यली." आणि तो चालायचा. मी पुष्कळ माणसांना पुष्कळ यंत्रांशी बोलताना पाहिलंय, पण यंत्रानं ऐकल्याचं फक्त तेव्हाच पाहिलं.

शेडमधले सातही जण शेतकऱ्यांची पोरं. कोणी उंद्रीचा, कोणी घाटाखालचा. पगार घेत होते, पण मन गोठ्यात. पोळा आला की त्यांचा जीव कासावीस व्हायचा. गावात घरोघरी बैल रंगताहेत, घुंगरं वाजताहेत आणि आपल्या दारात बैलच नाही. मग कोणा पूर्वजानं ठरवलं की आपला बैल हाच. तेव्हापासून कबऱ्याचा पोळा सुरू झाला. आदल्या संध्याकाळी खांदेमळण : बैलाचा जुवानं सोललेला खांदा लोणी-हळदीनं चोळायचा आणि त्याला दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतन द्यायचं. दुसऱ्या दिवशी काम बंद. गाठींच्या गोणपाटाची झूल, तिच्यावर चुन्याचे ठिपके, धुराड्याला बेगड, पुढच्या आकड्याला घुंगरमाळ. पुरणपोळी कोळशावर ठेवायची. ती नंतर आम्ही पोरं खायचो. काजळी लागलेली, खमंग, थोडी करकरीत.

पण त्याचा खांदा कुठे, यावर दरवर्षी भांडण ठरलेलं.

"डोकं कुठं हाय ते सांग आधी, मंग खांदा सापडते," एक जण म्हणायचा.

"धुराड्याले शिंग समज."

"एका शिंगाचा बैल कोणाच्या बापानं पाह्यला बे?"

"मंग टाकीले वशिंड समज अन् तिथून खाली मोज!"

माझे वडील हातातला दिवा वर धरून गंभीरपणे सगळं इंजिन फिरून यायचे, जसे काही डॉक्टरच. शेवटी गुलाबमामा निकाल द्यायचे. "ज्याच्यावर वझं येते तो खांदा. बफरले लावा अन् चूप बसा." मग पुढच्या दोन्ही बफरांना, डब्यांचा धक्का झेलणाऱ्या त्या गोल तबकड्यांना, लोणी-हळद लागायची आणि गुलाबमामा त्या थंड लोखंडाच्या कानाशी, म्हणजे कान असता तिथे, वाकून म्हणायचे, "उद्या जेवाले ये रे बाप्पा, मीठ-भाकर गोड करून घे." बोलताना त्यांचा आवाज खरोखर जड व्हायचा. मी आणि शेवंता ताट धरून उभ्या. आम्हाला हसू यायचं, आणि हसलं की पाठीत धपाटा.

क्रेनच्या कामाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी कबऱ्याचं मागचं अंग वर उचललं गेलं. बाभळीचं एक मूळ चालकाच्या खिडकीतून आत शिरलं होतं आणि पलीकडच्या खिडकीतून बाहेर आलं होतं. दुसऱ्यानं मागच्या चाकाला अशी मिठी घातली होती की करवतवाल्यांना दोन तास लागले. गाळ ओघळला तसा एक वास वर आला. कुजका, लोखंडी, थंड. बायकांनी पदर नाकाला लावले. सर खुशीत येऊन ओरडला, "मॅडम, चाकं बघा! शाबूत आहेत!"

मी बघत होतेच. मला दुसरं काही दिसत नव्हतं. घरी जावं म्हणून मी दोनदा उठले आणि दोनदा पुन्हा बसले.

कारण त्या वर्षी मी विचार केला होता. नऊ वर्षांच्या मुलीनं विचार करू नये असं नाही, पण इंजिनाजवळ करू नये. खांदेमळण आटोपली, माणसं पान खायला गेली, शेवंताला तिच्या आईनं हाक मारली. वाटीत लोणी उरलं होतं. मी त्या इंजिनाभोवती फिरले आणि मला गुलाबमामांचा निकाल पटेना. बैलाचा खांदा दुखतो, कारण जू त्याला घासतं. मग याला काय घासतं? मी वाकून पाहिलं. चाकाला चिमटा घेतल्यासारखे दोन लोखंडी ठोकळे होते, घासून घासून चकाकणारे. तेच त्याचं जू. तिथेच त्याला दुखत असणार, आणि इतकी वर्षं सगळे मूर्खासारखे बफरला लोणी लावत होते. मला त्याची इतकी दया आली म्हणता! मी ते ठोकळे चोळले, ठोकळ्याखालची चाकं चोळली, आणि लोणी संपलं तेव्हा लांब चोचीचा तेलाचा डबा घेऊन चाकं नाहू घातली. दोन्ही बाजूंनी. वर आवतनही दिलं.

ते ब्रेक होते, हे मला फार उशिरा कळलं.

पोळ्याच्या दिवशी तो जागचा हलला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी गुलाबमामांनी पोटावर दोन थापा मारल्या आणि तो शेडमधून उतारावर आला. चक्रीचा पूल तेव्हा आडवा होता, तोंडाशी रिकामा खड्डा. असा तो नेहमीच असायचा. गुलाबमामा काठापासून दहा हातांवर थांबायचे. मी दिवाबत्तीच्या खोलीच्या दारात दात घासत उभी होते. कबऱ्या थांबला नाही. गुलाबमामा आतून ब्रेकचा दांडा ओढत होते आणि तरीही चाकं फिरतच राहिली, तो पुढे जात राहिला, पाटावर बसून घसरणाऱ्या पोरासारखा. गुलाबमामांनी उडी मारली. मग जो आवाज झाला तो मी आजवर शेकडो वेळा तोंडानं काढून दाखवलाय, आणि एकदाही तो तसा आलेला नाही.

मी आत पळाले आणि दार ओढून घेतलं. पावसानं फुगलेलं दार ते, चौकटीत गच्च बसलं. वडिलांशिवाय ते कोणालाच उघडत नसे. शेजारच्या ऑफिसात तासाभरानं मॅनेजर आला आणि पातळ भिंतीतून मला सगळं ऐकू आलं. गुलाबमामांना बाकावर बसवलं होतं. पाय मोडला होता, ते कण्हत होते.

"ब्रेक मारला होता का?"

"मारला ना, साहेब. लागलाच नाई."

"ब्रेक लागत नाही? काल सण होता. घेतली होती का?"

बाक करकरला. मग ते म्हणाले, "रातच्याले घेतली होती, साहेब. थोडी. आता उतरली असन असं वाटलं मले."

ते खरंच सांगत होते. त्यांना दुसरं कारणच दिसत नव्हतं. कबऱ्या आपलं ऐकत नाही म्हणजे चूक आपलीच, असा त्यांचा हिशेब. मी भिंतीला तोंड लावलं आणि ओरडायचं ठरवलं. रॉकेलच्या वासानं डोळ्यांत पाणी आलं. ओरडले मात्र नाही. दुपारी वडिलांनी दार उचकटलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "घाबरली का माय माही?" मी हो म्हणाले. ती माझी पहिली गोष्ट.

पुढच्या गोष्टी जास्त चांगल्या होत्या. पोरांनी विचारलं, इंजिन कसं पडलं? मी म्हणाले, खड्ड्यात नाग होता, त्यानं पुंगीसारखी शिट्टी ऐकली आणि इंजिनाला बोलावून घेतलं. पोरं खूश. शाळेत गोऱ्या साहेबाचं भूत आलं. कॉलेजात इंजिनाचं मोठ्या स्टेशनावरच्या एका मालगाडीवर प्रेम होतं आणि तिची बदली झाली. हळदीकुंकवात, लग्नात, बचत गटाच्या सहलीत बाया म्हणायच्या, ताई, इंजिनाची सांगा ना! आणि मी पदर खोचून उभी राहायची. त्या गोष्टींनी मला नाव दिलं, टाळ्या दिल्या. दरवेळी एक नवी वीट लावत गेले. आपण आत उभं राहून भिंत बांधतोय, हे ध्यानात यायला उशीर लागला.

गुलाबमामांची खोली आठ दिवसांत रिकामी झाली. शेवंताची शाळा सुटली. ते लंगडत हमाली करायचे आणि लोक त्यांना दारुड्या ड्रायव्हर म्हणायचे, तेही प्रेमानं, जे जास्त वाईट. त्यांनी पुन्हा थेंब घेतला नाही. दर पोळ्याला मात्र ते घराचं दार दिवसभर लावून घेत, आणि बाहेरून बैल वाजतगाजत जात. हे मला वडिलांनी सांगितलं होतं. गुलाबमामा जाऊनही आता बरीच वर्षं झाली.

तिसऱ्या दिवशी चारच्या सुमारास कबऱ्या आख्खा वर आला. साखळ्यांत लटकून हवेत हळूच फिरला, गाळ टपटपला, आणि सगळ्या गर्दीनं अशी टाळी दिली की थोरली क्रेनही लाजली असेल. त्याला शेडपुढच्या रुळांवर ठेवलं. केवढासा होता तो! मला तो डोंगराएवढा आठवत होता. चहा आला. सर कागद घेऊन माझ्याकडे आला. "मॅडम, तपासलं? पेंटर थांबलाय." तेवढ्यात बायांनी गलका केला, "ताई, आज तर पाहिजेच! इंजिनाची सांगा!"

मी उभी राहिले. छत्री मिटली. आणि खरी गोष्ट सांगितली.

पण मला सांगता येते तशीच सांगितली ना! हात पसरून चाकं दाखवली, वाकून लोणी चोळलं, तेलाच्या डब्याची लांब चोच करून दाखवली, गुलाबमामांचा आवाज काढला. "ते ब्रेक होते!" म्हणताना मी कपाळावर हात मारला. बाया हसून हसून लोळल्या. एकीला ठसका लागला. सर चष्मा काढून डोळे पुसत म्हणाला, "मॅडम, कमाल आहे तुमची. नागापेक्षा ही भारी."

"अहो, हे खरं आहे."

"असं म्हणण्यातच तर मजा आहे!" कोणीतरी मागून ओरडलं, आणि पुन्हा हशा.

मी उभीच होते. मला ओरडावंसं वाटत होतं आणि ओरडले असते तर त्यालाही टाळी पडली असती.

शेवंता खड्ड्याला वळसा घालून इकडे कधी आली मला दिसलं नाही. ती माझ्यासमोर उभी होती, हाताला मेथीचा वास. तेवढी एकच हसत नव्हती.

"कोन्त्या चाकाले लावलं व्हतं?"

"चारही. मागच्यांना जास्त. पुढच्यांना तेल पुरलं नाही."

"माहा बाप मरेस्तोवर म्हणे, पोरी, ब्रेक मारला व्हता मी. म्या म्हणो, हाव बाबा, मारला असन. मलेबी खरं नाई वाटलं कधी." तिनं खुर्चीकडे बोट केलं. "बस खाली."

मी खुर्चीवर बसले.

"हात मांडीखाली घे."

"काय?"

"हात घे वं मांडीखाली. अन् आता सांग. हात न हालवता. कोनाचा आवाज न काढता."

मी दोन्ही हात मांडीखाली दाबले. बाया हसायच्या थांबल्या होत्या. आता काहीतरी निराळं चाललंय एवढं त्यांना कळलं. मी तोंड उघडलं आणि माझ्याजवळ एकही चांगलं वाक्य नव्हतं.

"ब्रेकला लोणी मी लावलं," मी म्हणाले. "आणि तेल. मामांना माहीत नव्हतं. चौकशी चालली होती तेव्हा मी शेजारच्या खोलीत होते. मी बोलले नाही. नंतरही बोलले नाही."

"मंग?"

"मग काही नाही. एवढंच आहे."

शेवंता सराकडे वळली. त्याच्या हातात कागद तसाच होता. तो गोंधळून म्हणाला, "पण मावशी, हे फलकावर कसं लिहायचं? नऊ वर्षांच्या मुलीचं नाव..."

"तिचं नाव नोका लिहू. तिनं लय नाव कमावलं. माह्या बापाचं नाव राहू द्या. चालक गुलाब. त्याच्यामागचं दारूचं तेवढं खोडा."

"मग इंजिन पडलं कशानं, असं विचारतील लोक."

"ब्रेक लागला नाई, असं लिवा. त्यानं तेच सांगितलं व्हतं तुमच्या साहेबाले."

सरनं खिशातून पेन काढलं, कागद कबऱ्याच्या ओल्या बफरवर ठेवला, मग तो भिजेल म्हणून आपल्याच तळहातावर घेतला आणि दारूच्या शब्दांवर रेघ मारली. वर बारीक अक्षरांत नवं लिहिलं. शेवंताला वाचून दाखवलं. तिनं ते पुन्हा एकदा वाचायला लावलं. पेंटर कागद घेऊन सायकलवरून गेला तेव्हा ती तिच्या टोपलीकडे निघाली. चार पावलं जाऊन थांबली. माझ्या हातांना मुंग्या आल्या होत्या, बोटं कुठे आहेत ते कळत नव्हतं, आणि मी तशीच बसून होते.

"काढ आता ते हात," ती म्हणाली.